संस्थेचे नाव, संस्थेच्याच नावावर



उपाश्रयाची जागा घेताना प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर आहे, हे विश्वस्त दहा वेळा पाहतात. संकेतस्थळाचे नाव घेताना मात्र ‘तो मुलगा बघून घेईल’ असे म्हणून मोकळे होतात. तो मुलगा प्रामाणिक असतो, उत्साहीही असतो. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवरून तो नोंदणी करतो. पुढे परदेशी जातो आणि संस्थेची ओळख त्याच्या जुन्या पासवर्डमध्ये अडकून राहते.

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवायचे आणि मुदत सरण्याआधी नूतनीकरण करायचे, असा हा भाडेपट्ट्यासारखा व्यवहार आहे. उपनगरांना तो परका नाही. ‘डॉट इन’ची नोंदणी एके काळी जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून होत असे, तेव्हा नियम कडक आणि नावे मोजकी होती. २००५ पासून ‘निक्सी’ या संस्थेमार्फत ती सर्वांना खुली झाली. अंधेरीत तर भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘डायरेक्टी’ने जगभर डोमेन नावे विकली.

नावाचे मोल न्यायालयानेही मानले आहे. ‘रेडिफ’शी एका अक्षराने वेगळे असलेले ‘रॅडिफ’ हे नाव दुसऱ्याने घेतले, तेव्हा १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळायला हवे, असे म्हटले. परंतु कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा वेळीच नोंदणी करणे केव्हाही स्वस्त!

नाव निवडताना खरी अडचण रोमन स्पेलिंगची. ‘श्री’ला शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’? ‘पार्श्वनाथ’मध्ये ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? एकाच मूलनायकाच्या नावाची देरासरे घाटकोपरलाही आहेत, मुलुंडलाही. म्हणून गावाचे नाव जोडावे. नाव आजीने फोनवर सांगितले आणि नातवाने न विचारता बरोबर टाइप केले, तर ते चांगले समजावे. सार्वजनिक संस्थेला ‘डॉट ऑर्ग’ शोभते. २०१४ पासून देवनागरीतील ‘डॉट भारत’ही मिळते, तेथे स्पेलिंगचा वादच नाही. मात्र तसा ई-मेल पत्ता सर्वत्र स्वीकारला जातोच असे नाही, म्हणून ते जोडीला घ्यावे.

नोंदणीधारक म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले ट्रस्टचेच पूर्ण नाव द्यावे. ई-मेल संस्थेचा असावा आणि पासवर्ड निदान दोन विश्वस्तांकडे असावा. मुदत चुकली की संकेतस्थळ बंद पडते. ‘डॉट कॉम’ वा ‘डॉट ऑर्ग’ नाव रद्द झाल्यावर जादा शुल्काने सोडवण्यास ३० दिवस मिळतात. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येते. पावतीपुस्तकांवर, पत्रिकांवर, पर्युषणाच्या कार्यक्रमपत्रकावर मात्र तोच पत्ता छापलेला राहतो. श्रावक श्रद्धेने तेथे जातो आणि समोर कोणी परका देवद्रव्याच्या नावाने पैसे मागत असू शकतो.

यासाठी मोठा खर्च नको. मंडळाच्या सभेत एक ठराव करावा आणि मंदिराच्या विम्याची तारीख ज्या वहीत लिहिली जाते, त्याच पानावर डोमेनची तारीख लिहावी.