चिठ्ठी, गोळी आणि पंधरा मिनिटे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



घरात औषध आणण्याचे काम बहुधा आपल्याकडेच असते. चिठ्ठी पुढे करावयाची, पैसे द्यावयाचे आणि पुडी पिशवीत टाकावयाची, एवढेच ते काम, असे मीही समजत असे. गेल्या पावसाळ्यात माझा हा समज पार बदलला.

माझ्या सासूबाईंना सांधेवात आहे. त्यासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी नव्यानेच सुरू केली. चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेले. बाहेर पाऊस, घरी स्वयंपाक व्हावयाचा. दुकानातील फार्मासिस्टने चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारले, "काकू, आजींना हे कशासाठी दिले आहे?" मी म्हटले, "सांध्यांसाठी. लिहिले आहे तसे द्या ना!" "लिहिले आहे रोज एक, म्हणूनच विचारतो," असे म्हणून त्याने डॉक्टरांना फोन लावला. पंधरा मिनिटे गेली. मी त्याला चार शब्द सुनावलेसुद्धा. मग डॉक्टरांचे उत्तर आले: गोळी आठवड्यातून एकदाच, लिहिण्यात चूक झाली.

सांधेवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती रोज पोटात गेली तर तोंड येते, अंगात रक्त तयार होणे मंदावते, जिवावरही बेतते. आणि भगिनींनो, ती गोळी सासूबाईंना रोज माझ्याच हाताने दिली गेली असती!

दुसऱ्या दिवशी मी त्याची क्षमा मागितली आणि तो काय काय पाहतो ते विचारून घेतले. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, सही व तारीख, रोग्याचे नाव व वय आहे की नाही, हे प्रथम. मग औषधाचे नाव, ते किती मिलिग्रॅमचे आणि दिवसातून किती वेळा. अक्षर लागले नाही तर अंदाज करावयाचा नाही, डॉक्टरांनाच विचारावयाचे. कारण एका अक्षराच्या फरकाची दोन निराळी औषधे असतात. फळीवरून काढताना नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख पाहावयाची, आणि हातात देण्यापूर्वी चिठ्ठीशी पुन्हा एकदा ताडून पाहावयाचे. इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यातच ठेवावयाचे.

यामागे कायदाही आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. चिठ्ठीवर एका कंपनीचे नाव असता दुसऱ्या कंपनीचे औषध परस्पर देता येत नाही. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एकाच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध देता येत नाही. काही प्रभावी अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधे इत्यादींसाठी २०१४ पासून वेगळी वही ठेवावी लागते. तीत डॉक्टरांचे, रोग्याचे व औषधाचे नाव लिहून ती तीन वर्षे जपावी लागते.

आता आपले काम. तो विचारील त्याचे नीट उत्तर द्यावे. आधीपासून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी पिशवीत ठेवावी. कोणत्या औषधाने पूर्वी पुरळ उठले होते, सून गरोदर आहे, बाळ अंगावर पिते, बाळाचे वजन किती, हे न लाजता सांगावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर कोणती गोळी केव्हा, जेवणाआधी की नंतर, हे पाकिटावर मराठीत लिहून मागावे आणि त्याच्यासमोर एकदा बोलून दाखवावे. पावती जपून ठेवावी. तीवर बॅच नंबर असतो. एखादी बॅच खराब निघून परत मागविली तर तोच उपयोगी पडतो.

आणि एक मात्र करू नये. "मागे दिली होती तीच द्या, आपण ओळखीचे आहोत," अशी गळ घालू नये. ओळखीपोटी नियम मोडणाऱ्यापेक्षा ओळख असूनही दोन प्रश्न विचारणारा आपला खरा हितचिंतक.

सासूबाई आता दर रविवारी सकाळी गोळी घेतात. कॅलेंडरवर त्या दिवशी मी लाल खूण करते. ती खूण करताना मला ती पंधरा मिनिटे आठवतात आणि आपल्या रागाची लाज वाटते. आपल्यावर तशी पाळी न येवो, एवढे सांगून मी आपली रजा घेते.