‘चोत्तो’ म्हणजे थोडे नव्हे
(हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “जपानात तीन महिने राहून आलात, तर चार शब्द सांगा.” म्हणून उभी राहिले आहे.

लेकीच्या बाळंतपणाला मी ओकायामाला गेले होते. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग ज्या बागेवरून बेतली, ती कोराकुएन बाग त्याच गावची. जावयांनी हाती कॅमेरा दिला आणि लेकीने वहीत उपयोगाची वाक्ये देवनागरीत लिहून दिली.

पहिले वाक्य, ‘शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?’ शाशिन म्हणजे फोटो, तोत्ते म्हणजे काढून, मो म्हणजे सुद्धा, ई म्हणजे चांगले, देस म्हणजे आहे. आणि शेवटचा ‘का’ अगदी आपल्या ‘का’सारखा! ‘फोटो काढला तरी चालेल का?’ शब्द आपल्याच चालीने येतात, म्हणून भाजी निवडता निवडता पाठ झाले. आपला फोटो दुसऱ्याकडून काढून घ्यायचा तर ‘कोको ओ ओश्ते कुदासाई’, म्हणजे ‘इथे दाबा’. आणखी एक हवा असला तर ‘मोऊ इचिमाई’. कागदासारख्या पातळ वस्तू तिथे ‘माई’ लावून मोजतात. काढणारा ‘हाई, चीझु’ म्हणाला, की आपण हसायचे.

शेजारी एक आजीबाई राहात. दारातल्या कुंड्यांना रोज पाणी घालीत. एके सकाळी मी धीर करून ते वाक्य म्हटले. त्यांनी मान जरा कलती केली, हसल्या व म्हणाल्या, “शाशिन वा चोत्तो…” वहीत ‘चोत्तो’पुढे लिहिले होते ‘थोडे’. मला वाटले, थोडे काढा म्हणतात. मी एकच काढला. त्या वाकून नमस्कार करून आत गेल्या व दार लावून घेतले.

लेक म्हणाली, “अगं आई, ते ‘नको’ होते!” समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून तिकडे वाक्य अर्धेच सोडतात. क्योतोच्या गिऑन भागात लोक न विचारता फोटो काढू लागले, तेव्हा २०१९ साली तिथल्या रहिवाशांनी खाजगी गल्ल्यांत १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्या. मी तर विचारून चुकले!

रात्री झोप लागेना. आपल्याकडे तरी काय निराळे आहे? उसने मागायला गेले की ‘बघू हं’ म्हणतात. त्यातला नकार आपल्याला बरोबर कळतो, कारण आपण चेहरा बघतो. तिथे मी वहीच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेले. ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, एवढेच म्हटले आणि तो फोटो त्यांच्यादेखत पुसून टाकला. त्या कितीतरी वेळ माझा हात धरून उभ्या होत्या. पुढे नात पाहायला आल्या, तेव्हा आपण होऊन माझ्याजवळ बसल्या व म्हणाल्या, “इश्शो नि.” म्हणजे बरोबर, दोघींचा. लेकीने तो काढला.

मैत्रिणींनो, आपणही डोहाळजेवणात, बारशात सर्रास दुसऱ्यांचे फोटो काढतो आणि चार ठिकाणी धाडतो. आधी विचारावे, आणि उत्तर नीट ऐकावे, एवढेच माझे सांगणे.

तो दोघींचा फोटो मी आज आणला आहे. मंडळात दाखवला तरी चालेल का, हे आजीबाईंना विचारून घेतले आहे. या खेपेला त्यांनी ‘चोत्तो’ म्हटले नाही.