महागाची लोकर आणि आपल्या हाताचा दर

आम्ही घनसावंगी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सात जणी बोलतोय. बाळांची टोपडी, मोजे, स्वेटर विणणं हे आमचं नेहमीचं काम. गेल्या थंडीत मात्र शहरातल्या एक बाई ५० ग्रॅमच्या दोन लड्या घेऊन आल्या. लेकीने परदेशातून पाठवलेल्या. म्हणाल्या, "याचा जाळीचा स्कार्फ विणून द्याल का?"

ती लोकर अल्पाकाची होती. अल्पाका हा उंटाच्या कुळातला प्राणी. दक्षिण अमेरिकेत पेरू, बोलिव्हियाच्या उंच डोंगरांत पाळतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिचं घोंगडं पावसाथंडीत टिकतं, पण गळ्याला टोचतं. ही लोकर हातात घेतली तर सायीसारखी मऊ. धागा इतका बारीक, की एका लडीत ४०० मीटर! आम्हाला भीतीच वाटली. बिघडलं तर भरून कुठून द्यायचं?

जाळीची वीण समजली की सोपी आहे. सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यायचा. तिथे भोक पडतं आणि एक टाका वाढतो. शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. वाढलेला टाका कमी होतो. म्हणजे ओळीत टाके तेवढेच राहतात. म्हणून ओळ संपली की टाके मोजायचेच.

आम्ही गप्पांच्या नादात मोजले नाहीत. एक वेढा राहिला आणि चार ओळींनंतर कळलं. उसवायला गेलो तर केसाळ धागा एकमेकांत अडकला, एक टाका निसटून खाली खाली गेला. दोन दुपारी त्यातच गेल्या. मग गटातल्या काकूंनी युक्ती काढली. दर दहा ओळींनी सगळ्या टाक्यांतून रंगीत सुती दोरा ओवून ठेवायचा. चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवा, टाके तिथेच थांबतात. आणखी एक शिकलो. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. म्हणून एक स्कार्फ एकीनेच विणावा.

विणून झालं तेव्हा ते चुरगळलेलं फडकं दिसत होतं. कोमट पाण्यात भिजवलं, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबलं, चादरीवर ताणून टाचण्या लावल्या. वाळल्यावर जाळी अशी उमलली, की आम्हीच बघत राहिलो. ओलं मात्र दोरीवर टांगू नका. अल्पाकाला मेंढीच्या लोकरीइतकी लवचिकता नसते, ते लांबत जातं.

आता खरी गोष्ट. मजुरी १२०० रुपये ठरली होती. आम्ही खूश. पण वहीत तास लिहिले होते, ते निघाले ४८. म्हणजे तासाला २५ रुपये! आमच्या गावात खुरपणीला सहा तासांचे ३०० मिळतात, म्हणजे तासाला ५०. एक जण म्हणाली, "घरी बसूनच तर विणतो." काकू म्हणाल्या, "मग डोळे आणि मान फुकटची आहे का?" सगळ्या गप्प झाल्या.

तेव्हापासून आम्ही आधी वीतभर नमुना विणतो, वेळ मोजतो आणि मगच दर सांगतो. लोकरीचे पैसे वेगळे, निम्मी रक्कम आगाऊ. त्याच बाईंनी दुसरा स्कार्फ विचारला, तेव्हा २४०० सांगितले. "बघते," म्हणाल्या. अजून निरोप नाही. पण आम्ही दर उतरवलेला नाही.

अल्पाका विकत घेणं आपल्याला परवडणारं नाही. पण जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांचा बाजार आहे. एका कोषातून सुमारे हजार मीटर अखंड तंतू निघतो. जाळीला बारीक धागाच लागतो ना? आमचा पुढचा नमुना रेशमी धाग्याचा असेल.

तुमच्या गटातही आज एक काम करा. हातातल्या कामाचे तास वहीत लिहा आणि महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचा. येतो आम्ही. रामराम.