१४ दिवसांचा औषधक्रम
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला, तेव्हा ते शहर आणि आपले जालना एकाच निजामी राज्यात होते. डास तेव्हाच ओळखला गेला. औषध पुरते पोटात जाण्याचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

पूर्वी कोणताही ताप आला, की रक्तनमुना घेऊन प्रौढास क्लोरोक्विनच्या चार गोळ्या देण्याची पद्धत होती. परंतु १९७३ साली आसामात या औषधास दाद न देणारा फाल्सिपेरम जंतू आढळला आणि तो पुढे पसरत गेला. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाने म्हणूनच आधी तपासणी, मग उपचार असा दंडक घातला. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार, तर व्हायव्हॅक्ससाठी तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन.

आमची खरी अडचण या १४ दिवसांत आहे. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात निद्रिस्त राहतात व महिन्यांनंतर पुन्हा उठतात, त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन. ताप मात्र क्लोरोक्विननेच उतरतो. बरे वाटणाऱ्या माणसाला आणखी अकरा दिवस गोळी घ्यावयास लावणे एरवीही कठीण. त्यात मंठा-अंबडकडील ऊसतोड कुटुंबाची उचल घेतलेली असते आणि चौथ्या दिवशी मुकादमाची गाडी दारात उभी राहते. ‘थांबा’ म्हणणे आम्हांस सोपे आहे, त्यांना थांबणे परवडत नाही.

सर्व गोळ्या हाती देऊन निरोप द्यावा, तर तीही जोखीमच. ‘जी-६-पी-डी’ या विकराची कमतरता असल्यास प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात. लघवी काळसर झाल्यास गोळी तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा, हे आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो आणि वाचूनही दाखवतो. फडावर असताना ती चिठ्ठी पुन्हा कोण वाचून दाखवणार, हा विचार मनातून जात नाही.

गर्भवती स्त्रीस तर प्रायमाक्विन देताच येत नाही. क्लोरोक्विनने तिचा ताप उतरतो, यकृतातील जंतू तसेच राहतात. पुन्हा थंडी वाजून ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे, असे सांगून आम्ही तिला पाठवतो. पुढचा ताप येईल तेव्हा ती कोणत्या कारखान्याच्या फडावर असेल, हे तिलाही ठाऊक नसते.