लोकसंख्या, अंडी आणि खाद्याचा हिशेब



लोकसंख्या वाढते आहे, तेव्हा अंड्यांना गिऱ्हाईक मिळणारच, असे धरून अनेकजण कर्ज काढून लेअर कोंबड्यांची शेड उभारतात. हे गणित एकदा तपासून पाहा.

१९५०-५१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती आणि वर्षाला सुमारे १८३ कोटी अंडी होत. म्हणजे माणशी अवघी ५. २०२३-२४ मध्ये उत्पादन १४,२७७ कोटींवर गेले, माणशी १०३. लोकसंख्या जवळपास चौपट झाली, अंडी मात्र सुमारे ७८ पट! ही वाढ केवळ खाणारी तोंडे वाढल्याने झाली नाही. संकरित कोंबड्या, संतुलित खाद्य, लसीकरण आणि लोकांची वाढलेली क्रयशक्ती यांमुळे ती झाली. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे. म्हणजे मागणीला अजून वाव आहे.

परंतु वाव म्हणजे नफा नव्हे. अंड्यावरील कोंबडी रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. हजार कोंबड्यांना वर्षाला ४० टन खाद्य लागते आणि उत्पादन खर्चात खाद्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. श्रावणात अंड्यांचे भाव उतरतात, कोंबड्यांचे खाणे मात्र थांबत नाही.

म्हणून शेड बांधण्यापूर्वी मका व सोयाबीन पेंडीची सोय करा. घरचा मका चांगला वाळवूनच साठवा. बुरशी लागलेला मका खाद्यात मुळीच वापरू नये. वर्षाचा हिशेब चढ्या भावाने न मांडता पडत्या भावाने मांडा. त्यातही बँकेचा हप्ता फिटत असेल, तरच पुढे पाऊल टाका.