सोनें आणि हवा

सोनें पाण्यांत विरघळत नाहीं, हें आपण जाणतांच. सायनाइडच्या सौम्य द्रावणांत मात्र तें विरघळतें. परंतु त्यास प्राणवायूची जोड लागते, हें एल्सनर या रसायनशास्त्रज्ञानें १८४६ सालीं दाखविलें. पुढें १८८७ मध्यें ग्लासगो येथें मॅकआर्थर व फॉरेस्ट बंधु यांनीं सायनाइडनें खनिजांतील सोनें काढण्याची कृति सिद्ध केली.

या कृतींत खनिजाची पूड, द्रावण आणि हवा हीं तिन्ही एका टाकींत नांदवावीं लागतात. अडचण अशी कीं, साध्या तपमानावर एक लिटर पाण्यांत हवेंतील प्राणवायु सुमारें ८ मिलिग्रॅमच मावतो. तो संपतांच नवा पुरवावा लागतो. म्हणून तळाशीं हवा सोडून फिरत्या पात्यांनीं तिचे बारीक बुडबुडे करितात. तींच पातीं पूड खालीं बसूं देत नाहींत.

मग हवा भरपूर सोडावी, असें कोणासही वाटेल. पण ती अति झाली, कीं पात्यांभोंवतीं हवेचेंच वेष्टण बसतें. पातीं नुसतीं फिरतात, मोठे बुडबुडे वर निसटतात, गाळ तळाशीं बसतो आणि सोनें न विरघळतां टाकाऊ गाळाबरोबर निघून जातें. ताक घुसळणाऱ्या भगिनींस हें नवें नाहीं: रवी फार वर आली, कीं फेस उडतो, घुसळण होत नाहीं.