परक्या नगरीतील पोटभर जेवण



विद्यार्जनासाठी परदेशी गेलेल्या मुलास परके शहर आपलेसे केव्हा वाटू लागते? या प्रश्नाचे एक उत्तर लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवर सापडते.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास करमचंद गांधी मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण नव्हती. ज्ञातीने बहिष्कार घातलेला. बंदरावर निरोप देण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड! मातुःश्री पुतळीबाईंचे मन वळले ते जैन साधू बेचरजी स्वामींमुळे. मद्य, मांस व परस्त्री यांना स्पर्श न करण्याची प्रतिज्ञा त्यांनी देवविली, तेव्हाच आईने अनुज्ञा दिली.

विलायतेच्या भूमीवर पाऊल पडले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात. सप्टेंबरअखेर तसे वस्त्र ल्यालेले ते एकटेच! कापड उत्तम असून भागत नाही, ऋतूही पाहावा लागतो. सामान एजंटाकडे आणि दुसरा दिवस रविवारचा, त्यामुळे ती लाज सोसावी लागली. त्याच सायंकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटीस आले. त्यांच्या उंच टोपीवरून कुतूहलाने उलटा हात फिरविला आणि इंग्रजी शिष्टाचाराचा पहिला धडा मिळाला.

रात्री आईच्या आठवणीने अश्रूंच्या धारा लागत. पुढे ज्यांच्या घरी राहिले त्या विधवा बाई स्वभावाने भल्या. परंतु बिनमसाल्याची उकडलेली भाजी रुचेना, आणि पावाचा आणखी एक तुकडा मागण्याचा संकोच वाटे. जठराग्नी प्रदीप्त आणि जीभ लाजाळू! शहरात शाकाहारी उपाहारगृहे आहेत असे त्या बाईंकडूनच कळले. मग हा तरुण रोज दहा-बारा मैल पायपीट करू लागला. एखाद्या स्वस्त खानावळीत पोटभर पाव खाई, पण तृप्ती नसे. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर ते उपाहारगृह दिसले. दाराजवळच्या काचेत विक्रीस मांडलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांनी एक शिलिंग देऊन घेतले व आत जाऊन भोजन केले. विलायतेतील ते पहिले पोटभर जेवण, असे त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये नमूद केले आहे. पुस्तक वाचल्यावर, आईला दिलेल्या वचनाखातर पाळलेला आहार त्यांचा स्वतःचा झाला.

मधल्या काळात साहेब होण्याचा खटाटोपही झाला. एकोणीस शिलिंगांची टोपी, बाँड स्ट्रीटवरचा दहा पौंडांचा सूट, तीन पौंडांचे व्हायोलिन, नृत्याची शिकवणी. हे वेड सुमारे तीन महिने टिकले. पोशाखाची टापटीप मात्र पुढेही अनेक वर्षे राहिली. नंतर एकच खोली, एक स्टोव्ह, सकाळी स्वहस्ते शिजविलेली ओटची लापशी आणि सायंकाळी कोको-पाव. आहाराचा खर्च दिवसाला सव्वा शिलिंग आणि पैपैचा हिशोब! बेजवॉटर भागात त्यांनी शाकाहारी मंडळ काढले, डॉ. ओल्डफील्ड अध्यक्ष व स्वतः चिटणीस. शेजारी राहणारे सर एडविन अर्नोल्ड यांस उपाध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती करण्याचे धैर्यही आता अंगी आले होते.

१२ जून १८९१ रोजी ते स्वदेशी निघाले. तत्पूर्वी होबर्न या मांसाहारी उपाहारगृहात त्यांनी मित्रांना मेजवानी दिली आणि व्यवस्थापकाकडून संपूर्ण शाकाहारी भोजन करवून घेतले. भाषणासाठी उभे राहिले, ठरविलेला विनोद अर्ध्यावरच विसरला. आभाराचे दोन शब्द बोलून ते खाली बसले.